पाठमोरी स्त्री, तांब्याची एक प्लेट : एचिंग आधी, ड्रायपॉइंट शेवटी

एचिंग आणि ड्रायपॉइंट या धातूच्या प्लेटवर चित्र कोरून छापायच्या दोन पद्धती. त्या एकाच प्लेटवर वापरून स्त्रीचं चित्र छापायला बसलेल्यांचं काम बिघडतं ते बहुधा क्रम चुकल्यामुळे. केस काळेभोर हवेत म्हणून उत्साहाच्या भरात आधी ड्रायपॉइंटची सुई चालते. मग लक्षात येतं की हाताची बोटं आणि पदराच्या चुण्या अजून ॲसिडमध्ये द्यायच्या राहिल्यात. पुन्हा ग्राउंड (ॲसिडपासून प्लेट वाचवणारा मेणकट थर) चढतो, रोलर फिरतो, आणि सुईनं रेघेच्या काठावर उभी केलेली धातूची धार चेपून जाते. छापात केस करडे, मरगळलेले येतात आणि दोष शाईला दिला जातो.

कामाला हात घालण्याआधी एवढं पक्कं करून घ्या. एचिंगमध्ये सुई फक्त ग्राउंड उघडते, रेघ कोरायचं काम ॲसिड करतं. ती रेघ स्वच्छ, टिकाऊ आणि सगळीकडे सारख्या ठामपणाची येते. ड्रायपॉइंटमध्ये सुई थेट धातूत रुतते आणि बाजूला धातूची खरबरीत कड उचलते. तिला बर म्हणतात. शाई मुख्यतः या बरला धरून राहते, म्हणून छापात रेघेभोवती मखमली काळोख पसरतो. बर नाजूक असते. ॲसिड, रोलर, बर्निशर (धातू घोटून गुळगुळीत करायचं हत्यार), जोरात पुसणं, यांतलं काहीही तिला संपवतं. पुढचे सगळे टप्पे याच एका गोष्टीवरून ठरलेले आहेत.

उदाहरणासाठी मी १५ × २० सेंटिमीटरची तांब्याची प्लेट घेतली आहे. चित्र असं : स्टुलावर पाठमोरी बसलेली स्त्री, मानेवर सैलसा आंबाडा, डाव्या खांद्यावरून मागे आलेला पदर, एक हात मांडीवर. उजेड एका बाजूने. झिंकवरही हे सगळं करता येतं, पण झिंक मऊ असल्यामुळे बर फार लवकर झिजते. ड्रायपॉइंट महत्त्वाचा असेल तर तांब्यावर खर्च करा.

टप्पा १ : रेघांची वाटणी कागदावर

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. प्लेटच्या मापाचंच रेखाटन करा, मोठं करून मग लहान करू नका. मोठ्या कागदावर मोकळी वाटणारी रेघ १५ सेंटिमीटरच्या रुंदीत गर्दी करते.

आता दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. एक रंग ॲसिडच्या रेघांसाठी, दुसरा ड्रायपॉइंटसाठी. आपल्या चित्रात ॲसिडकडे जातात : पाठीची आणि कमरेची बाह्यरेषा, खांद्याची हाडं, हाताची बोटं, स्टुलाचे पाय, पदराच्या चुण्या, साडीचा काठ. ड्रायपॉइंटकडे : आंबाडा, मानेवर सुटलेल्या बटा, काखेतला काळोख, पदर आणि पाठ यांच्यामधली फट, स्टुलाखालची सावली. ज्या जागेबद्दल शंका असेल ती ॲसिडला द्या. ॲसिडच्या रेघेवर नंतर ड्रायपॉइंट चढवता येतो, उलटं करता येत नाही.

स्त्रीदेहाच्या चित्रात दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, सगळी बाह्यरेषा एकाच जाडीची. असं केलं की तार वाकवून केल्यासारखी आकृती होते. उजेडाकडची कड बारीक, मध्येमध्ये तुटलेली असू द्या आणि सावलीकडची जाड. दुसरी चूक म्हणजे त्वचेवर सगळीकडे आडव्या-उभ्या रेघांचं जाळं. पाठीचा मोठा भाग कोरा सोडायची हिंमत ठेवा. रेम्ब्रांटचं १६६१ चं बाण घेतलेल्या पाठमोऱ्या स्त्रीचं छापचित्र एचिंग, ड्रायपॉइंट आणि बुरीन (धातू कोरायची टोकदार छिन्नी) असं मिळून केलेलं आहे. ते मोठं करून बघा. अंगावरचा उजेड बहुतेक कोऱ्या कागदाचा आहे आणि त्याला उठाव आलाय तो भोवतीच्या काळोखामुळे. आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर रेम्ब्रांटची छापचित्रं फुकट, मोठ्या आकारात पाहता येतात. छापून आलेल्या पुस्तकातल्या चित्रापेक्षा तिथे रेघ नीट कळते.

*तपासणी :* रेखाटन आरशात धरा. छाप उलटा येतो, म्हणजे प्लेटवर डावं-उजवं बदलून काढायला हवं. पदर डाव्या खांद्यावर असतो. पाठमोऱ्या स्त्रीचा डावा खांदा छापात आपल्या डाव्या हाताला, म्हणून प्लेटवर तो उजव्या हाताला. हे विसरलात तर छापातली बाई उजव्या खांद्यावर पदर घेऊन बसेल आणि मराठी डोळ्याला ते पहिल्या नजरेत खटकेल.

टप्पा २ : प्लेट

१ ते दीड मिलिमीटर जाडीची प्लेट पुरते. चारही कडा कानशीने साधारण ४५ अंशांत उतरवा, कोपरे किंचित गोल करा. मग वॉटर पेपरने कानशीचे व्रण काढा. कड धारदार राहिली तर प्रेसमध्ये कागद फाटतो आणि फेल्टही (कागदावर घालायचं जाड लोकरी कापड) कापला जातो. फेल्ट महाग असतो.

प्लेटच्या पृष्ठभागावर ओरखडे असतील तर ८००, मग १००० आणि १२०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासोबत फिरवा, शेवटी मेटल पॉलिश. भांडी घासायची पावडर वापरू नका. तिच्या कणांनी पडलेला प्रत्येक ओरखडा शाई धरतो आणि नेमका पाठीच्या कोऱ्या जागेत उमटतो.

आता चिकटपणा काढायचा. तांब्यावर काळपटपणा असेल तर व्हिनेगर आणि मिठाने तो जातो, चिंचेनेही जातो, पण त्याने तेलकटपणा जात नाही. त्यासाठी चॉक पावडरमध्ये थोडं अमोनियाचं पाणी घालून लगदा करा, स्वच्छ कापसाने गोलगोल घासा, वाहत्या पाण्यात धुवा. यानंतर बोटं लावायची नाहीत, प्लेट कडांनी धरायची.

*तपासणी :* प्लेट तिरकी धरून पाणी सोडा. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर प्लेट स्वच्छ. कुठे थेंब जमले, पाणी फाटलं, तर तिथे तेल आहे आणि तिथेच ग्राउंड सुटणार. पुन्हा घासा.

टप्पा ३ : हार्ड ग्राउंड

गोळ्याच्या रूपातला हार्ड ग्राउंड (ॲस्फाल्टम, मेण आणि राळ यांचा) गरम प्लेटवर फिरवून रोलरने पसरतात. बाटलीतला पातळ ग्राउंड रुंद, मऊ ब्रशने लावतात. पहिल्यांदा करणाऱ्यांनी पातळ घ्यावा. थर सोनेरी तपकिरी, पारदर्शक दिसला पाहिजे. काळा दिसेपर्यंत लावला तर तो जाड झाला, सुईखाली त्याचे पापुद्रे निघतील.

थर पूर्ण वाळल्यावर प्लेट उलटी धरून मेणबत्तीच्या ज्योतीने तिला काजळी धरवतात, म्हणजे सुईने उघडलेलं तांबं काळ्यावर चमकून दिसतं. ज्योत सतत हलती ठेवा, एका जागी थांबली की ग्राउंड जळतो आणि तिथे ॲसिड आत शिरतं.

*सावधान :* पातळ ग्राउंडमधलं द्रावक पुरतं उडून जाण्याआधी ज्योत जवळ आणू नका, पेट घेईल. टर्पेंटाइनची बाटली, रॉकेलचे बोळे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.

मे महिन्यात मुंबईच्या किंवा कोकणातल्या घामट हवेत ग्राउंड चिकट राहतो आणि मनगट टेकलं की उमटतं. रेखाटताना हाताखाली लाकडी पट्टीचा पूल करून घ्या, दोन्ही बाजूंना लहान ठोकळे आणि त्यावर पट्टी.

टप्पा ४ : चित्र उतरवणं आणि सुईचं काम

ट्रेसिंग पेपरवर रेखाटन उतरवा. ज्या बाजूवर काढलं त्याच बाजूला गेरूची पूड चोळा, जादाची झटका. आता गेरूची बाजू प्लेटकडे करून कागद ठेवा, कडांना टेप लावा आणि वरून कठीण पेन्सिलीने हलक्या हाताने गिरवा. काजळीवर गेरूची रेघ स्पष्ट दिसते आणि चित्र आपोआप उलटं होतं.

फक्त ॲसिडच्या रेघा उतरवा. ड्रायपॉइंटच्या जागा या घडीला प्लेटवर नकोतच. त्या दिसल्या की हात तिकडे जातो.

एचिंगची सुई टोकाला किंचित गोलसर असावी. ती ग्राउंडवर घसरत चालली पाहिजे, तांब्यात रुतता कामा नये. जोर द्यायचा तो ग्राउंड पूर्ण उघडण्यापुरता. इथे जाड-बारीक करण्यासाठी दाब वाढवण्याचा काही उपयोग नाही. रेघेची जाडी पुढे ॲसिडमधल्या वेळेवर ठरते. बोटांसारख्या लहान जागी रेघा अगदी जवळजवळ आल्या तर ॲसिडमध्ये त्यांच्यामधलं तांबं खचतं आणि दोन रेघांची मिळून एक पसरट खळगी होते. अशी खळगी शाई धरत नाही आणि छापात मधोमध फिकट डाग दिसतो. अंतर ठेवा.

*तपासणी :* प्लेट खिडकीकडे तिरकी धरा. प्रत्येक रेघ लखलखीत तांब्याची दिसायला हवी. तपकिरी झाक दिसली तर तिथे ग्राउंडचा पातळ थर उरलाय, ती रेघ तुटक येणार.

टप्पा ५ : ॲसिड

तांब्यासाठी फेरिक क्लोराइड वापरा. नायट्रिक ॲसिडची तांब्याशी गाठ पडली की तपकिरी, विषारी धूर निघतो. घरातल्या खोलीत किंवा साध्या पंख्याच्या भरवशावर ते करू नये. फेरिक क्लोराइड इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाट्या कोरायला वापरतात, त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत विचारलं तर मिळतं. मोठ्या प्रमाणात हवं असेल तर रसायनांच्या दुकानातून ४० ते ४२ बोमे (द्रावणाची घनता मोजायचं माप) तीव्रतेचं द्रावण घ्या. खडे किंवा पूड मिळाली तर विरघळवून बोमे हायड्रोमीटरने तीव्रता मोजा.

*सावधान :* पूड नेहमी पाण्यात, थोडी थोडी टाका. पुडीवर पाणी ओतू नका. विरघळताना ती प्रचंड तापते. नायट्राइलचे हातमोजे, गॉगल, जुना एप्रन हवाच. ट्रे प्लास्टिकचा, अल्युमिनियमचं भांडं अजिबात नाही, त्याच्याशी जोरात प्रक्रिया होते. द्रावण स्टीलच्या सिंकला खातं आणि फरशीवरचा पिवळा डाग जात नाही. ज्यात तांबं बुडवलं त्या द्रावणात झिंकची प्लेट घालू नका.

बुडवण्याआधी प्लेटची पाठ आणि कडा पॅकिंग टेपने झाका. टेपची दोन टोकं लांब सोडा, त्यांना धरून प्लेट उचलता येते. फेरिकमध्ये तयार होणारा गाळ रेघांत बसतो आणि ॲसिडचं काम थांबवतो. म्हणून प्लेट तोंड खाली करून, कडांखाली लहान ठोकळे देऊन ठेवा किंवा उभ्या टाकीत सोडा. मध्येमध्ये ट्रे हलवा. द्रावणात थोडं सायट्रिक ॲसिड मिसळलं तर गाळ कमी बसतो आणि काम भरभर होतं.

५ अ. आधी चाचणीची पट्टी. त्याच तांब्याचा तुकडा, त्यावर तोच ग्राउंड. समांतर रेघांचे चार गट काढा आणि ५, १०, २०, ४० मिनिटांनी एकेक गट झाकत जा. पट्टी छापून तिच्यावर तारीख आणि द्रावणाचं तापमान लिहा, भिंतीला लावा. पुस्तकांतल्या वेळा बहुधा २० अंशांच्या आसपासच्या युरोपीय कार्यशाळांसाठी असतात. एप्रिलमध्ये आपल्याकडे द्रावण ३२-३३ अंशांवर असतं आणि तेच काम बरंच लवकर होतं. जुन्या, वापरून हिरवटलेल्या द्रावणाचा वेग उलट मंदावतो. म्हणून वेळ पुस्तकातून घेऊ नका, तुमच्या पट्टीवरून घ्या.

५ आ. टप्प्याटप्प्याने झाकणं. पट्टीवर वरच्याच वेळा योग्य निघाल्या असं धरू. सगळी प्लेट ५ मिनिटं. बाहेर काढा, भरपूर पाण्यात धुवा, टिपून वाळवा. आता स्टॉप-आउट वार्निशने (ॲसिड अडवणाऱ्या वार्निशने) सगळ्यात हलक्या रेघा झाका : पाठीची उजेडाकडची कड, मणक्याची जेमतेम खूण, मानेवरचे दोन-तीन फटकारे. वार्निश वाळू द्या. पुन्हा ५ मिनिटं, म्हणजे एकूण १०. बोटं आणि पदराच्या वरच्या चुण्या झाका. मग आणखी १०, एकूण २०. सावलीकडची बाह्यरेषा आणि काठ झाका. शेवटी उरतात त्या स्टुलाचे पाय आणि पदराच्या सगळ्यात खोल घड्या. त्या ४० पर्यंत जाऊ द्या.

घाई होते ती वार्निश वाळवताना. ओल्या वार्निशखाली ॲसिड शिरलं की पाठीवर ठिपक्यांचा पुरळ उठतो, आणि तो पुसणं हे सगळ्यात वेळखाऊ काम आहे. आणखी एक : झाकलेली रेघ परत उघडून खोल करता येईल असं समजून चालू नका. हलकी राहिली तर नंतर भर घालता येते, खोल गेलेली रेघ वर आणायला तांबं खरवडावं लागतं. शंका आली तर लवकर झाका.

*तपासणी :* फेरिक गडद असतं, आत काय चाललंय दिसत नाही. धुतल्यावर भिंगाखाली बघा आणि बोथट सुई रेघेतून हलकेच ओढा. खोली बोटांना कळते.

वापरून संपलेलं द्रावण मोरीत ओतू नका, त्यातलं तांबं पाण्यातल्या जिवांना मारतं. धुण्याचा सोडा थोडा थोडा घालून फेस थांबेपर्यंत शमवा, साका बसू द्या आणि तो वाळवून घातक कचरा म्हणून द्या.

टप्पा ६ : पहिला प्रूफ आणि ॲसिडच्या कामाला पूर्णविराम

ग्राउंड टर्पेंटाइनने काढा, टेप सोलून काढा, प्लेट छापा. या प्रूफसाठी, म्हणजे तपासणीच्या छापासाठी, महाग कागद नको. या घडीला प्लेटवर बर नाही, त्यामुळे हवे तेवढे प्रूफ काढा, बिनधास्त पुसा.

प्रूफवर कोळशाने ड्रायपॉइंटच्या जागा भरून बघा. आंबाडा गडद केल्यावर मान पुढे येते का? काखेतली सावली भरल्यावर हात पाठीपासून सुटा होतो का? बऱ्याचदा इथे कळतं की टप्पा १ मध्ये ठरवलेल्या सावल्यांपैकी निम्म्याच पुरेशा आहेत. त्या निम्म्याच करा.

नको असलेले ठिपके आणि ओरखडे आत्ताच काढा. खोल असेल तर आधी त्रिकोणी स्क्रेपर, मग थेंबभर तेल लावून बर्निशर. वरवरचं असेल तर नुसता बर्निशर. ॲसिडची एखादी रेघ वाढवायची असेल तर प्लेट पुन्हा टप्पा २ प्रमाणे धुवा, ग्राउंड द्या, काढा, बुडवा. कितीही कंटाळा आला तरी ते आत्ताच.

*थांबा :* पुढे जाण्याआधी स्वतःला विचारा. एकही रेघ ॲसिडमध्ये द्यायची उरली आहे का? घासायचं, पॉलिश करायचं काही राहिलंय का? कडा नीट आहेत का? यांतलं काहीही राहिलं असेल तर ड्रायपॉइंटची सुई डब्यातच ठेवा.

टप्पा ७ : ड्रायपॉइंट

सुई कडक पोलादाची किंवा कार्बाइड टोकाची हवी. पोलादी सुईला तेलाच्या दगडावर गोल फिरवत धार करा. नखावर टेकवली की न घसरता रुतली पाहिजे. घसरणारी सुई जोर मागते, जोराने हात वाकडा जातो आणि केसाच्या जागी खिळ्याचा ओरखडा होतो.

सुई सरळ उभी धरली तर दोन्ही बाजूंना थोडी थोडी बर उठते. साधारण ६० अंशांत कलवली तर एकाच बाजूला जास्त उठते, तीच सगळ्यात समृद्ध काळोख देते. त्याहून फार आडवी केली तर बर पातळ पाकळीसारखी उठते आणि पहिल्या पुसण्यातच तुटते. तुमच्या धरण्यात बर कोणत्या बाजूला येते ते फालतू तुकड्यावर रेघा ओढून बोटाने चाचपून बघा. देहाच्या कडेला ड्रायपॉइंट देताना बर बाहेरच्या, सावलीच्या बाजूला पडली पाहिजे. ती आत पडली तर शाईची मऊ सावली त्वचेवर सांडते आणि खांदा मळकट दिसतो.

आंबाड्यापासून सुरुवात करा. केस ज्या दिशेने गुंडाळलेत त्याच दिशेने सुई न्या, वळणावर हात न फिरवता प्लेट फिरवा. हातातल्या दाबात फरक ठेवा : काही फटकारे हलके, काही खोल, मधे एक वाकडी फट कोरी सोडा, तिथे आंबाड्यावरची चमक बसते. आधीच्या रेघांवर आडव्या रेघा चढवायच्या तर विचार करून, कारण आडवी सुई आधीची बर तोडत जाते. गडद करायचं तर दोन रेघांच्या मधे तिसरी समांतर रेघ घाला. मानेवरच्या सुट्या बटांसाठी सुईवर जवळजवळ जोरच नको. तिथे दोन-तीन फटकारे बास होतात, चौथ्याने मान केसाळ दिसते.

त्यानंतर पदर आणि पाठ यांच्यामधली फट. ती अरुंद आहे. एचिंगच्या खोल चुणीच्या अगदी लगत दोन-चार ड्रायपॉइंट रेघा दिल्या की कापड अंगापासून सुटतं. काख आणि स्टुलाखालची सावली शेवटी. पाठीवर काही करू नका. मणक्याजवळ थोडी सावली हवीच असेल तर रेघ काढा आणि स्क्रेपरने तिची बर अलगद काढून टाका. उरते ती बारीक, शांत, राखाडी रेघ, त्वचेला साजणारी.

*तपासणी :* दर वेळी छापून बघू नका, प्रत्येक छाप बर खातो. काजळीत थोडं व्हॅसलीन कालवून बोटाने रेघांवर हलकेच लावा, तळहाताने वरचं टिपा. काळोख किती आला याचा अंदाज येतो.

*सावधान :* या क्षणापासून मेटल पॉलिश, चॉक पावडरने घासणं, बर्निशर, सगळं बंद. प्लेटवर प्लेट ठेवणंही बंद.

टप्पा ८ : कागद

कागदाची तयारी छापायच्या आदल्या संध्याकाळी होते, म्हणून तो मुद्दा ड्रायपॉइंटनंतर वाचायला मिळाला तरी मनात आधीपासून ठेवा. सुती लगद्याचा २५० ते ३०० ग्रॅमचा कागद चांगला : हानेम्यूले, समरसेट किंवा तशा जातीचा. हातकागद चालतो, फक्त खळ किती आहे ते तुकडा भिजवून बघा. जास्त खळीचा कागद उशिरा भिजतो आणि बरमधली शाई नीट उचलत नाही.

ताव चिमट्यात धरून पाण्यात बुडवा, अर्धा तास ठेवा, निथळा, ब्लॉटिंग पेपरच्या मधे रचा, वरून प्लॅस्टिक आणि सपाट वजन. सकाळी कागद मळलेल्या कणकेवरच्या फडक्याइतका ओलसर हवा : गार लागतो, पण बोटाला पाणी येत नाही. पृष्ठभाग चमकत असेल तर शाई पाण्यावर घसरेल, अजून टिपा. पावसाळ्यात ओला गठ्ठा दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, बुरशीचे पिवळे ठिपके पडतात. ठेवावाच लागला तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये.

टप्पा ९ : शाई भरणं आणि पुसणं

एचिंगची काळी शाई काचेवर सुरीने मळा. फार घट्ट असेल तर प्लेट ऑइलचे एक-दोन थेंब. घट्ट शाई पुसायला जोर लागतो आणि जोर म्हणजे बरचा नाश, म्हणून ड्रायपॉइंट असलेल्या प्लेटसाठी शाई नेहमीपेक्षा मऊच ठेवा. प्लेट हाताला सोसेल इतकी कोमट करा.

एचिंगच्या भागात पुठ्ठ्याच्या तुकड्याने शाई ओढली तर चालतं. आंबाड्यावर आणि सावल्यांवर पुठ्ठा फिरवू नका, फेल्टच्या गुंडीने टिपत टिपत, सगळ्या दिशांनी भरा.

पुसायला टार्लटनचे (खळ दिलेल्या जाळीदार मलमलीचे) तीन गोळे लागतात : मळका, मध्यम, स्वच्छ. कडक खळीचं टार्लटन आधी हाताने चुरगाळून मऊ करा. मळक्याने पहिली शाई गोलगोल उचला, मग मध्यम, मग स्वच्छ. ड्रायपॉइंटवरून जाताना गोळा वजनानेच फिरू द्या आणि रेघांच्या दिशेने न्या, आडवा नको. एचिंगच्या कामात शेवटी जुन्या डिरेक्टरीचं पान तळव्याखाली धरून फिरवायची पद्धत आहे. ती पाठीवर आणि मोकळ्या जागेत वापरा, केसांवर नाही.

शेवटी तळहाताला चिमूटभर चॉक पावडर लावून, झटकून, उजेडाकडचा खांदा आणि पाठ स्वच्छ करा. भोवतीच्या जागेत शाईचा पातळ पडदा सोडलात तर खांद्याचा पांढरा अधिक उजळतो. पण हा पडदा एडिशनच्या (ठरवलेल्या संख्येच्या छापांच्या संचाच्या) प्रत्येक छापात सारखा ठेवता आला पाहिजे. पहिल्यांदा करत असाल तर तो अगदी हलका ठेवा. सर्वांत शेवटी उतरत्या कडा कापडाने पुसा. काळी कड सगळा छाप घाणेरडा करते.

*सावधान :* जवसाच्या तेलाच्या शाईने माखलेले बोळे ढिगाने टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात टाका.

टप्पा १० : प्रेस

प्रेसच्या बेडवर प्लेटची आणि कागदाची चौकट आखलेला ताव, त्यावर प्लेट, मग ओलसर कागद, वर न्यूजप्रिंट, मग फेल्ट : आधी पातळ, मग जाड. दाब शाई न लावता तपासा, पण ड्रायपॉइंट केलेल्या प्लेटवर नाही. तेवढ्याच जाडीच्या कोऱ्या प्लेटवर ओला कागद चालवा. प्लेटची कड चारही बाजूंनी सारखी खोल उमटली पाहिजे. एका बाजूला फिकी असेल तर त्या बाजूचा स्क्रू कमी आहे.

चाक एका लयीत फिरवा, मधे थांबलात तर आडवी पट्टी उमटते. परत मागे नेऊन दुसऱ्यांदा चालवू नका, बर दोनदा चेपली जाते. कागद एका कोपऱ्यातून हळूहळू उचला.

पहिला छाप फिका आला तर घाबरू नका, पहिल्या एक-दोन छापांत शाई रेघांत पुरती बसलेली नसते. तिसऱ्यालाही आंबाडा करडाच आला तर क्रमाने बघा : शाई भरताना कमी पडली का, टार्लटन आडवं फिरलं का, कागद कोरडा पडला का. दाब वाढवणं हा शेवटचा उपाय, पहिला नाही. बोटं आणि काठ ठळक पण केस फिके असतील तर दोष प्रेसचा नाही, पुसण्याचा आहे.

टप्पा ११ : एडिशन आणि प्लेटची निगा

तांब्यावरच्या ड्रायपॉइंटमधून साधारण १० ते २० छाप दमदार निघतात, झिंकवर त्याहून बरेच कमी. म्हणून एडिशन आधी ठरवा आणि लहान ठेवा. दहाची एडिशन करून दहाही छाप पहिल्यासारखे आले तर ते तीसपेक्षा कितीतरी चांगलं. बर दिसेनाशी झाली की थांबा. जास्त प्रती हव्याच असतील तर प्रूफ काढून झाल्यावर, एडिशन छापण्याआधी प्लेटला स्टील फेसिंग (तांब्यावर लोखंडाचा पातळ, कठीण थर चढवणं) करून घेता येतं.

छाप न्यूजप्रिंट आणि कोरड्या ब्लॉटिंगच्या मधे, पाट्याखाली वजन देऊन वाळवा, ब्लॉटिंग रोज बदला. पंख्याखाली उघडे टाकलेले छाप कुरळे होतात. पूर्ण वाळल्यावर प्लेटच्या खुणेखाली पेन्सिलीने लिहा : डावीकडे ३/१० असा क्रमांक, मधे शीर्षक, उजवीकडे सही.

प्लेट साफ करताना रॉकेलमध्ये मऊ ब्रश बुडवून शाई सोडवा आणि मलमलीने टिपा, घासू नका. रेघांत शाई वाळली तर पुढच्या वेळी तीच बर उचकटून काढते. कोरडी झाल्यावर व्हॅसलीनचा पातळ हात, वर बटर पेपर, आणि प्लेट उभी ठेवा. पाठीवर चिठ्ठी चिकटवा : द्रावणाची तीव्रता आणि तापमान, प्रत्येक टप्प्याची मिनिटं, किती छाप निघाले आणि कितव्या छापापासून आंबाडा फिका पडू लागला.